‘कर्करोग आढळला नाही’ या रिपोर्टनंतरही वाढत राहिलेली गाठ: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ६२ वर्षांचे गृहस्थ. तीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढलेली, सहा वर्षांपूर्वी सोडलेली. तरुणपणी क्षयरोग होऊन गेलेला. त्याचे उपचार पूर्ण झाले होते, पण खुणा उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला चुन्याच्या बारीक ठिपक्यांच्या रूपात अजून शाबूत होत्या. पडल्यामुळे बरगडीला मार लागला म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला. बरगड्या धड निघाल्या, पण उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडात, मागच्या बाजूला, १६ मिलिमीटरची एक घट्ट गाठ दिसली.

गाठीच्या कडा गुळगुळीत नव्हत्या. बारीक रेषा सगळ्या बाजूंनी फुफ्फुसात शिरल्या होत्या आणि त्यातली एक थेट फुफ्फुसावरणापर्यंत जाऊन ते किंचित आत ओढत होती. आत चुना नाही, चरबी नाही. गाठीच्या मधोमध किंवा पूर्ण गाठीत चुना भरलेला दिसला, तर ती बहुधा जुन्या संसर्गाची असते. चरबी दिसली तर हॅमार्टोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठ. इथे असा कुठलाच दिलासा चित्रात नव्हता. आजूबाजूच्या फुफ्फुसात एम्फिसीमाचे फुगलेले, विरळ झालेले भाग होते.

फुफ्फुसातल्या तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गोलसर गाठीला नोड्यूल म्हणतात. घट्ट नोड्यूल आठ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या चित्रतपासणीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना तीन वाटा सांगतात: तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, पेट-सीटी (टोचलेली किरणोत्सारी साखर शरीरात कुठे शोषली जाते ते दाखवणारा स्कॅन), नाहीतर तुकडा काढणं. रुग्णाचं पेट-सीटी झालं. गाठीने साखर जोरात शोषली होती, एसयूव्ही (या शोषणाचं माप) ५.४. छातीच्या मध्यभागातले लिम्फ नोड थंड, म्हणजे न चमकलेले, बाकीचं शरीर स्वच्छ.

मग एका रुग्णालयात सीटीच्या मार्गदर्शनाखाली बारीक सुईने बायॉप्सी झाली. रिपोर्टचा सारांश असा: वायुकोशांच्या काही पेशी, काळे कण गिळलेल्या मॅक्रोफेज (फुफ्फुसाची साफसफाई करणाऱ्या) पेशी, जुनाट दाह, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. तीन महिन्यांनी सीटी करा असं सांगितलं गेलं, आणि त्यांनी तो नेमका वेळेवर केला. गाठ १९ मिलिमीटर झाली होती. बायॉप्सीत कर्करोग नाही, पूर्वी क्षयरोग झालेला आहे, तेव्हा क्षयरोगाची औषधं सुरू करून पाहू, असा सल्ला मिळाला. औषधं सुरू करण्याआधी आणखी एक मत घ्यावं म्हणून रुग्ण आणि त्यांची मुलगी आमच्याकडे, म्हणजे सीटी पाहून सुईची बायॉप्सी करणाऱ्या विभागात, आले.

मुलीने फाइल पुढे ठेवली आणि विचारलं, “डॉक्टर, बायॉप्सीत कॅन्सर नाही आला ना? मग गाठ वाढतेय कशी?”

या सगळ्या प्रकरणात विचारायला हवा होता तो प्रश्न हाच.

तीन मिलिमीटर म्हणजे किती

१६ वरून १९ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गाठ घनरूप असते, ती तिन्ही दिशांनी वाढते. व्यासात १९ टक्के वाढ झाली की आकारमान जवळजवळ पावणेदोन पट होतं. व्यास २६ टक्क्यांनी वाढला की आकारमान दुप्पट. या हिशोबाने ही गाठ साधारण चार महिन्यांत दुप्पट होणारी होती. घट्ट स्वरूपाचे फुफ्फुसाचे कर्करोग बहुतेक वेळा २० ते ४०० दिवसांच्या दरम्यान दुप्पट होतात. तीव्र संसर्गातली गाठ याहून वेगाने फुगते, आणि जुना निवलेला व्रण वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो. चार महिन्यांचा वेग संशयाच्या अगदी मधोमध बसत होता.

वेग हा काही पुरावा नव्हे. क्षयरोगाची किंवा बुरशीची गाठही सावकाश वाढू शकते. पेट स्कॅनवरही सगळा भार टाकता येत नाही. क्षयरोग, सारकॉइडोसिस (दाहाचा एक आजार), बुरशीचा संसर्ग ही सगळी मंडळी साखर खातात आणि पडद्यावर चमकतात. उलट कार्सिनॉइडसारख्या सावकाश वाढणाऱ्या कर्करोगाच्या काही गाठी जेमतेम उजळतात. पण काटेरी कडा, वय, सिगारेट, पेटमधली चमक आणि वाढीचा वेग हे सगळं एकत्र ठेवलं की कर्करोगाची शक्यता फार मोठी होती. आमच्या बैठकीत छातीच्या डॉक्टरांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास धरली, आणि माझाही अंदाज तोच होता.

त्या रिपोर्टमध्ये खरं तर काय होतं

सुईच्या बायॉप्सीचे निकाल ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला, कर्करोग सापडला. दुसरा, कर्करोग नाही आणि दुसरा नेमका आजार सापडला: क्षयरोगाचे जंतू, बुरशीचे धागे, हॅमार्टोमातली कूर्चा. या दोन्हींवर पुढचा निर्णय उभा करता येतो. तिसरा प्रकार म्हणजे ‘जुनाट दाह’, ‘फायब्रोसिस’ (तंतूमय व्रण), ‘काही विशेष आढळलं नाही’. गाठ कशाची आहे याचं उत्तर तिसऱ्यात नसतंच. सुईच्या टोकाशी जे होतं त्याचं ते वर्णन असतं, आणि सुईचं टोक नेमकं कुठे होतं हे पॅथॉलॉजिस्टला काचपट्टीवरून कळत नाही.

म्हणून मी रिपोर्ट बाजूला ठेवून बायॉप्सीच्या वेळची सीटी चित्रं उघडली. सीडीत होती, हे चांगलं झालं. सुई उजव्या कुशीतून, बाजूने आत गेली होती आणि जवळजवळ सहा सेंटिमीटर फुफ्फुस ओलांडून गाठीकडे पोचली होती. शेवटच्या चित्रात सुई गाठीला टेकल्यासारखी दिसत होती. पण सुईचं खरं टोक ज्या छेदात (सीटीच्या एका पातळ थरात) असतं, तिथे धातूमुळे टोकाच्या पुढे एक काळी सावली पडते. ती सावली खालच्या छेदात होती, आणि त्या छेदात गाठ संपत आलेली, तिची कड आणि लगतचं फुफ्फुस एवढंच. खालच्या खंडातली गाठ श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर सहज सरकते, ते पाहता असं होणं अगदी स्वाभाविक. ज्यांनी ती सुई घातली त्यांना मी दोष देणार नाही. एम्फिसीमा असलेल्या फुफ्फुसात अशा जागी पोचणं अवघड असतं, आणि त्यांनी रिपोर्टमध्ये ‘चित्राशी ताडून पाहावं’ असं एक वाक्य लिहिलंही होतं. पुढच्या प्रवासात ते वाक्य कोणी वाचलं नाही.

काचपट्ट्यांवरची हकिकत या चित्राशी तंतोतंत जुळत होती. वायुकोशांच्या पेशी आणि काजळी गिळलेल्या मॅक्रोफेज हे तर सिगारेट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातले नेहमीचे रहिवासी. नमुना गाठीच्या शेजारचा होता.

मुलीला मी जो हिशोब कागदावर मांडून दाखवला, तो इथे देतो, कारण तो मांडल्याशिवाय पुढचा निर्णय कळत नाही. समजा, अशाच गाठी असलेली १०० माणसं आहेत आणि त्यातल्या ८० जणांना खरंच कर्करोग आहे. सुई दहापैकी नऊ कर्करोग पकडते असं धरू. ८० पैकी ७२ सापडले, आठ निसटले. उरलेल्या २० जणांना कर्करोग नाहीच, त्यांचा रिपोर्टही ‘नाही’ असाच येणार. म्हणजे ‘नाही’ असा रिपोर्ट हातात असलेले एकूण २८, आणि त्यातल्या आठ जणांना कर्करोग आहे. चौथ्या हिश्श्याहूनही जास्त! आता हीच सुई, तेवढीच अचूक, पण १०० पैकी फक्त २० जणांना कर्करोग असलेल्या गटात वापरा. १८ सापडतील, दोन निसटतील. ‘नाही’ मिळालेल्या ८२ जणांत फक्त दोन. रिपोर्टवरचे शब्द दोन्हीकडे अगदी सारखे असतील, तरी त्यांचं वजन आधीच्या संशयावर ठरतं. आणि हा हिशोब सुई गाठीत नीट पोचली असं धरून केलेला आहे. इथे तेवढीही खात्री नव्हती.

पर्याय

छातीचे डॉक्टर, शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि मी, असे बसलो.

क्षयरोगाची औषधं ‘सुरू करून पाहणं’ मी ठामपणे नाकारलं. ताप नाही, वजन घटलेलं नाही, थुंकीत जंतू नाहीत, जनुकीय तपासणीतही नाहीत. औषधाला प्रतिसाद आला की नाही हे ठरवायलाच दोन-तीन महिने जातात, आणि तेवढ्यात ही गाठ आणखी दीडपटीच्या पुढे गेली असती. पूर्वी क्षयरोग झालेल्या माणसाला कर्करोग होत नाही असं थोडंच आहे? जुना व्रण उजव्या टोकाला, नवी गाठ खालच्या खंडात. दोघींचा संबंध जोडायला फाइलमधल्या इतिहासापलीकडे काही आधार नव्हता. नेमकं निदान नसताना दिलेल्या औषधांनी वेळ गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि म्हणूनच या बाबतीत माझा आवाज जरा चढतो.

थेट शस्त्रक्रिया हा प्रामाणिक पर्याय होता. संशय इतका दाट असेल आणि फुफ्फुसं दणकट असतील तर अनेक शल्यचिकित्सक सुईच्या फंदात न पडता गाठ काढतात, टेबलावरच गोठवलेल्या तुकड्याची तपासणी करतात आणि तिथेच पुढचं ठरवतात. पण यांच्या श्वासाची क्षमता बेताची होती: एफईव्ही-१ (एका सेकंदात जोराने सोडलेली हवा) अपेक्षेच्या ५८ टक्के, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ५२ टक्के. गाठ खोलवर असल्याने नुसता पाचरीसारखा काप घेऊन ती निघण्यासारखी नव्हती. शल्यचिकित्सकांचं म्हणणं मला पटलं: “एवढं फुफ्फुस मी काढायचं तर ते कशासाठी काढतोय हे मला आधी माहीत हवं.”

दुर्बिणीचा मार्गही चर्चेत आला. लिम्फ नोड मोठे किंवा पेटमध्ये चमकणारे असते, तर आम्ही सुई छातीतून घातलीच नसती. श्वासनलिकेतून अल्ट्रासाउंड दुर्बिणीने त्याच नोडचा नमुना घेतला असता, म्हणजे निदान आणि टप्पा दोन्ही एकदम कळले असते. इथे नोड थंड होते. मार्ग दाखवणाऱ्या नेव्हिगेशनल ब्रॉन्कोस्कोपीचं महत्त्व गेल्या काही वर्षांत खूप वाढलं आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेरिटास चाचणीत १० ते ३० मिलिमीटरच्या नोड्यूलसाठी ही दुर्बीण आणि छातीतून घातलेली सुई यांची थेट तुलना झाली. अचूकतेत दुर्बीण मागे पडली नाही (७९ टक्के, सुईची ७३.६), आणि फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचं प्रमाण दुर्बिणीत ३.३ टक्के तर सुईत २८.३ टक्के. एम्फिसीमा असलेल्या रुग्णासाठी हा फरक छोटा नाही, आणि आम्ही तो रुग्णापासून लपवला नाही. पण ती सोय आमच्याकडे नव्हती, आणि सीटीत गाठीकडे थेट जाणारी श्वासनलिका दिसत नव्हती. दुसरीकडे जाऊन ते करून घेण्याचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सुई निवडली.

संमतीपत्रावर सही घेताना आकडे सांगितले. २०१७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात तुकडा काढणाऱ्या जाड सुईनंतर २५.३ टक्के रुग्णांत आणि नुसत्या पेशी ओढणाऱ्या बारीक सुईनंतर १८.८ टक्के रुग्णांत हवा साठली होती. त्यातल्या बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. नळी घालण्याची वेळ शंभरात पाच-सहा जणांवर येते. “तुमच्या फुफ्फुसात एम्फिसीमा आहे, काका, तेव्हा तुमच्या बाबतीत शक्यता यापेक्षा जास्त धरा,” असंही सांगितलं. थुंकीतून थोडं रक्त येऊ शकतं. रक्तवाहिनीत हवा शिरून मेंदूला किंवा हृदयाला धोका होणं अतिशय दुर्मीळ, पण शून्य नाही.

टेबलावर

मार्ग बदलायचा हे पहिल्यांदा ठरलं. बाजूने सहा सेंटिमीटर विरळ फुफ्फुस ओलांडण्याऐवजी पाठीतून गेलं तर फुफ्फुसावरणापासून गाठ फक्त २२ मिलिमीटरवर होती. वाटेत हवेचे मोठे फुगे नाहीत, दोन खंडांमधली भेग नाही. रुग्ण पालथे. पालथं झोपल्यावर पाठीकडच्या बरगड्या कमी हलतात, रुग्णाला सुई दिसत नाही, आणि नंतर त्यांना उताणं केलं की सुईचं छिद्र आपोआप खाली दाबलं जातं. एक तोटाही आहे: गाठ हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या वरच्या पातळीला येते, त्यामुळे शिरेत हवा ओढली जाण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून सुईचं मागचं तोंड क्षणभरही उघडं राहता कामा नये, हे सगळ्या टीमला आधीच बजावलं.

सुईपेक्षा जास्त वेळ आम्ही श्वासाला दिला. “काका, रोजच्यासारखा श्वास घ्या... सोडा... आणि आता थांबा.” खोल श्वास घेऊन थांबायला सांगितलं की दर वेळी तो कमी-जास्त होतो, आणि गाठ दर वेळी निराळ्या जागी भेटते. साधा श्वास सोडून झाल्यावरचा थांबा त्या मानाने स्थिर असतो. पाठीवर खुणांची पट्टी चिकटवून सराव करत करत सीटी घेतले, कमी मात्रेच्या किरणांचे. गाठ लागोपाठ एकाच छेदात येऊ लागली तेव्हाच त्वचेवर खूण केली.

लिग्नोकेनची भूल त्वचेपासून फुफ्फुसावरणापर्यंत दिली. छातीच्या भिंतीला लागून असलेला आवरणाचा पदर फार दुखरा असतो. तो नीट बधिर केला नाही तर रुग्ण दचकतो, आणि नेमक्या वेळी दचकला तर आवरण फाटतं. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून नेली, कारण बरगडीच्या खालच्या कडेने शिरा, धमनी आणि मज्जातंतू जातात. कण्याजवळ तर ती धमनी वळणं घेत बरगड्यांच्या मधल्या जागेत उतरलेली असते, म्हणून प्रवेशाची जागा कण्यापासून पुरेशी दूर धरली.

मग आवरणाबाहेरच थांबलो. कोन तपासला, दोन अंशांचा फरक दुरुस्त केला, पुन्हा सीटी. आवरण ओलांडायचं ते एकदाच, हा या कामातला सगळ्यात मोलाचा नियम. दर जादा छिद्रागणिक हवा सुटण्याची शक्यता वाढते. आम्ही १९ गेजची (गेजचा आकडा मोठा, तितकी सुई बारीक) बाहेरची सुई वापरतो आणि तिच्या पोटातून २० गेजची तुकडा कापणारी सुई कितीही वेळा आत-बाहेर करतो, आवरणाला पुन्हा हात न लावता. श्वास थांबवलेला असताना बाहेरची सुई एका दमात पुढे गेली. चित्र घेतलं. टोक गाठीच्या जवळच्या कडेच्या किंचित आत. एवढ्यावर समाधान मानायचं नाही म्हणून वरचा छेद, खालचा छेद आणि उभा छेद, तिन्ही पाहिले. काळी सावली गाठीच्या पोटात होती.

आतल्या सुईची झेप १० मिलिमीटरची लावली. २० मिलिमीटरची लावली असती तर ती गाठीच्या पलीकडे निघाली असती, आणि पलीकडे एक जाडसर रक्तवाहिनी होती. पहिला तुकडा निघाला. शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, पांढुरका, घट्ट. फॉर्मॅलिनमध्ये टाकताच तळाला गेला. साध्या फुफ्फुसाचा तुकडा हवेमुळे बहुधा तरंगतो. हे निदान नव्हे, पण हात गाठीत आहे याची ती लहानशी पावती असते. त्याआधी तो तुकडा काचपट्टीवर हलकेच टेकवून त्याचा ठसा घेतला होता. पॅथॉलॉजिस्ट शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावून बसल्या होत्या. काही मिनिटांत निरोप आला: “पेशी पुरेशा आहेत, संशयास्पद आहेत. अजून तुकडे द्या.”

सुईचा रोख जरा जरा बदलत गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून आणखी तीन घेतले. त्यातला एक फॉर्मॅलिनमध्ये न टाकता निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवला. ही गोष्ट वारंवार राहून जाते म्हणून थांबून सांगतो: फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. क्षयरोगाचं कल्चर करायचं, म्हणजे जंतू वाढवून पाहायचे असतील तर तुकडा सलाइनमध्येच हवा, आणि तो वेगळा काढायचा हे सुई टोचण्याआधी ठरलेलं हवं. कर्करोगाची शक्यता कितीही मोठी असो, या रुग्णाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचंही पक्कं उत्तर हातात यायला हवं होतं. नाहीतर तो वाद पुढेही चालूच राहिला असता.

पाचवा तुकडा घ्यायचा बेत सोडून दिला. गाठीभोवती धुकट सावली पसरू लागली होती, म्हणजे थोडा रक्तस्राव. रुग्ण खोकले, रुमालावर रक्ताची रेघ आली. बाहेरची सुई काढून लगेच त्यांना उताणं केलं.

हवा

शेवटच्या सीटीतच फुफ्फुसाभोवती हवेची बारीक किनार दिसली. ऑक्सिजन लावला, बोलू नका, खोकला दाबा, असं सांगितलं. तासाभराने एक्स-रे काढला तेव्हा किनार सेंटिमीटरभर. तीन तासांनी ती वाढली होती, खांद्यात आवळल्यासारखं होतंय असं ते म्हणाले आणि ऑक्सिजनची पातळी ९६ वरून ९१ वर आली. वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पुढून, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून, आठ फ्रेंचची पिगटेल नळी (टोकाला वळलेली बारीक नळी) घातली, सिरिंजने हवा ओढून काढली आणि नळी पाण्याखालच्या बाटलीला जोडली. फुफ्फुस लगेच वर आलं. बाटलीतले बुडबुडे रात्री थांबले. दुसऱ्या दिवशी नळी काही तास बंद ठेवून एक्स-रे पाहिला, फुफ्फुस फुगलेलंच राहिलं, नळी काढली.

मुलगी त्या संध्याकाळी फार घाबरली होती. नळीची शक्यता आधी सांगितलेली होती, तरी आपल्या माणसाच्या छातीत नळी दिसणं वेगळंच. ड्यूटीवरच्या सिस्टरनी तिला बाटलीजवळ बसवून प्रत्येक बुडबुडा म्हणजे काय ते समजावलं, आणि बुडबुडे कमी होताना तिने स्वतः पाहिले. या त्रासाला मी किरकोळ म्हणणार नाही. एका रात्रीचा मुक्काम आणि एक नळी ही या निदानाची खरी किंमत होती. घरी जाताना सूचना दिल्या: जड उचलू नका, दम लागला किंवा छातीत एकदम दुखलं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा, आणि एक्स-रेत हवा पूर्ण गेल्याचं दिसल्यानंतर निदान आठवडाभर विमानप्रवास नाही.

रिपोर्ट आणि पुढचं

ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा फुफ्फुसाचा कर्करोग. कर्करोगाचा प्रकार ओळखायच्या मार्करपैकी टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी-४० निगेटिव्ह. पॅथॉलॉजिस्टनी जाणूनबुजून एवढेच दोन मार्कर लावले आणि उरलेला ऊतीचा साठा जनुकीय तपासण्यांसाठी राखून ठेवला. इतक्या लहान तुकड्यांत हा संयम फार महत्त्वाचा, कारण डझनभर मार्कर लावून ऊती संपवली तर ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांच्या (औषध निवडायला लागणाऱ्या) तपासण्यांसाठी पुन्हा सुई घालायची वेळ येते. सलाइनमधल्या तुकड्यात क्षयरोगाची जनुकीय तपासणी निगेटिव्ह आली. सहा आठवड्यांनी कल्चरही निगेटिव्ह आलं.

गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, नोड स्वच्छ, दूरवर काही नाही: टप्पा आयए-२, म्हणजे अगदी सुरुवातीचा. बाहेरच्या बाजूच्या, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी पूर्ण खंड काढण्याऐवजी कमी भाग काढला तरी निकाल कमी प्रतीचा ठरत नाही, हे जपानमधल्या जेसीओजी-०८०२ (२०२२) आणि अमेरिकेतल्या सीएएलजीबी-१४०५०३ (२०२३) या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं आहे. बेताची क्षमता असलेल्या या फुफ्फुसासाठी ते वरदानच होतं. शल्यचिकित्सकांनी खालच्या खंडाचा तेवढाच उपभाग आणि सोबतचे नोड काढले. सुईने निदान आधीच हातात असल्यामुळे टेबलावर थांबून कशाची वाट पाहावी लागली नाही.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून वाचला. कर्करोग १८ मिलिमीटरचा, कडा स्वच्छ, नोड मोकळे, आवरणात शिरकाव नाही. आणि गाठीच्या खालच्या कडेला दबलेल्या, दाह झालेल्या फुफ्फुसाची एक किनार, काजळी गिळलेल्या मॅक्रोफेजनी भरलेली. पहिल्या सुईने जे आणलं होतं ते नेमकं तिथलं. त्या काचपट्ट्यांत एकही शब्द चुकीचा नव्हता. या प्रकरणानंतर आमच्या विभागातल्या बायॉप्सीच्या नोंदीत सुईच्या टोकाचं गाठीतलं स्थान, कुठल्या छेदात ते दिसलं तो छेद आणि ‘रिपोर्ट अनिश्चित आला तर पुढे काय’ या तीन ओळी आम्ही भरूनच पाठवतो. त्या कागदासोबत जातात, त्यामुळे पुढच्या डॉक्टरच्या हातात चित्र नसलं तरी एवढं तरी पोचतं.

आता दर सहा महिन्यांनी सीटी चालू आहे. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात चार मिलिमीटरचा एक ठिपका अगदी पहिल्या स्कॅनपासून दिसतो आहे आणि अजून तेवढाच आहे. एरवी इतक्या लहान नोड्यूलसाठी फ्लाइशनरच्या सूचना फारसं काही करायला सांगत नाहीत, पण ज्यांना कर्करोग झालेला आहे त्यांना त्या सूचना लागूच होत नाहीत. एवढ्या आकाराला सुई भरवशाने लागत नाही, पेटलाही तो दिसत नाही. म्हणून आम्ही तो दर वेळी त्याच छेदात मोजतो, आणि मुलगी दर वेळी आकडा स्वतःच्या वहीत लिहून घेते.